हिरव्या दुकानाचं कुलूप

२ मार्च, सोमवार

आणि पुन्हा आमचंच दुकान लाल! मी काय मशीन पोटातून काढलं काय? मशीन त्यांचं, रेंज त्यांची, वरचा कॉम्प्युटर त्यांचा, आणि नाव खराब होऊन राहिलं माझं. रोज सकाळी ग्रुपवर तालुक्यातल्या सगळ्या कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानांची नावं येतात. ज्याचे अंगठे वेळेत लागले ते दुकान हिरवं, ज्याचे अडकले ते लाल. आमच्या नावाखाली कुणीतरी रडक्या तोंडाचं चित्र टाकलं. टाकणारा स्वतः परवापर्यंत लालच होता.

माणूस अंगठा लावतो. मशीनवर चाक फिरतं, फिरतं, फिरतं, आणि मग म्हणतं वेळ संपली. कुणाची संपली? आमच्याकडं तर सगळा दिवस पडलेला असतो. त्या चाकाकडं बघून बघून आज मलाच गरगरलं.

पद्माबाईचा अंगठा आज बी लागला न्हाई. जानेवारीत लागला न्हाई, फेब्रुवारीत लागला न्हाई. सारा जन्म हळदीची मजुरी केली तिनं, कांड्या घासून घासून अंगठा नदीतल्या गोट्यासारखा झाला. मशीन म्हणतं ही बाई ओळखू येत न्हाई. मला येते ना! माझ्या भिंतीला भिंत लावून राहते, लग्न होऊन आले तवापासून तिची बोलणी ऐकून राहिले. पण माझं ओळखणं चालत न्हाई.

जाताना म्हणाली, "मिरे, तुझ्या मशीनला सांग, मी काय नवी नवरी न्हाई पदर वर करून तोंड दाखवायला." सगळी रांग हसली. मला न्हाई हसू आलं. रांग तशीच तटलेली.

ही डायरी खताच्या दुकानदारानं माझ्या नवऱ्याला, नरसिंगला फुकट दिली होती. तालुक्याचे पुरवठा सायब म्हणाले, मशीन कवा अडकलं ते लिहून ठेवत जा. मी चौथीपर्यंत गेलेली, लिहिते हळू. पण नुसती वेळ लिहून डोक्याची आग जात न्हाई. म्हणून जे झालं ते लिहून राहिले. सायबाला दाखवायची न्हाई, हे ठरलं.

५ मार्च, गुरुवार

मशीनच्या कंपनीचा माणूस आला. विश्वजीत नाव. बूट दाराबाहेर काढून आत आला, तेवढं बरं वाटलं. मशीनला वायर जोडली आणि आपल्या लॅपटॉपात बघत बसला.

"मावशी, आमच्याकडून तर उत्तर लगेच जातंय. हे बघा, सगळं हिरवं."

"मग हितं चाक काहून फिरतं?"

"तुमच्याकडून आमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. तो आम्ही मोजत नाही. आमच्या दारात पोचल्यापासून मोजतो."

मी म्हणले, "म्हणजे पोरगी सासरी पोचल्यापासूनच मोजायचं, वाटेतली तंगडतोड तिची तिनं बघायची."

तो हसला. मग मला समजावून सांगायला लागला. म्हणे हे सगळं जागच्या जागी चालतं. अंगठा लावला की तिकडं त्याच क्षणी नोंद झाली पाहिजे, तिला वेळ ठरवून दिलेली असते. वेळेत झाली तर झाली. उशिरा झाली तर ती न झाल्यात जमा, ती टाकूनच देतात. आणि शंभरात किती टाकून दिल्या त्याच्यावर दुकानाचा रंग.

"उशिरा भाजलेली भाकर भाकर न्हाई काय?"

"नाही मावशी. इथं नाही."

चहा घेताना मात्र कामाचं बोलला. "ज्यांचा अंगठा लागतच नाही ठाऊक आहे, त्यांना मशीनवर घेताच कशाला? घेतलं की चुकणार, चुकलं की तुमच्या नावावर. सुरूच केलं नाही तर चुकायचा प्रश्नच नाही. त्यांना शेवटी ठेवा."

महिनाभर असंच लाल राहिलं तर दुकान आमच्या बचत गटाकडून काढून शेजारच्या गावाला जोडणार, हे बी सांगून गेला. दहा बायांनी मिळून आणलेलं दुकान. मशीनला मात्र माझा एकटीचाच अंगठा माहीत. रोज सकाळी मी लावला की उघडतं.

पद्माबाईचं विचारलं त्याला. तीन महिने लागोपाठ माल उचलला न्हाई की कार्ड बंद पडतं, आणि तिचा हा तिसरा महिना. तो म्हणाला, मोबाइलवर ओटीपीचा नंबर मागवा. तिच्या कार्डाला नंबर लावलाय जावयाचा, पुसेगावच्या, आणि जावयानं ते सिम कवाच टाकून दिलं. मग म्हणाला, डोळ्याचं मशीन मागवा. ते तालुक्याला एकच हाये म्हणतात, पण बघितलेला माणूस मला अजून भेटला न्हाई.

"एकतीसपर्यंत वेळ आहे की मावशी," म्हणाला आणि बूट घातले.

९ मार्च, सोमवार

तसंच केलं. ज्यांचे अंगठे गुळगुळीत, त्यांना म्हणले तिकडं ओट्यावर बसा, शेवटी बघू. सात-आठ म्हातारी माणसं आणि ती विटभट्टीवरची जोडी. बाकीची रांग अशी सरसर पुढं गेली की मलाच खरं वाटेना. दुपारच्या भाकरीला मी घरी!

ओट्यावरच्यांना नंतर बघू म्हणले होते, पण मग रेंज गेली. उद्या या म्हणले.

पद्माबाई उठली न्हाई. म्हणाली, "रेंज येईस्तोवर बसते. मला घरी कोण वाट बघून राहिलंय?" मी कुलूप लावून निघाले तरी बसलेली. असल्या हट्टाला काय करावं. लोकांना वाटतं मीच छळून राहिले.

११ मार्च, बुधवार

हिरवं!!

आमच्या दुकानाचं नाव हिरवं. सायबानं ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकलं. नरसिंगला दाखवलं तर म्हणतो, "आता आरती ओवाळू काय फोनला?" त्याला काय कळतं. मी पोरीला सासरी फोन करून सांगितलं. सपना म्हणाली, आई पेढे वाट.

१६ मार्च, सोमवार

पाच-सहा दिवस झाले, हिरवंच. आता मला कुणाला ओट्यावर बसा म्हणावं बी लागत न्हाई. ती माणसं येतच न्हाईत. दुकानात गर्दी न्हाई, कटकट न्हाई. लोकांना पण समज आली म्हणायची.

पद्माबाईकडं संध्याकाळी ताटलीभर जवारीचं पीठ घेऊन गेले. घरातलं माझं. तिनं ताटली तशीच परत माझ्या हातात दिली.

"तुझ्या घरचं नको मिरे. माझ्या कार्डावरचं दे."

"अगं ते मशीन..."

"मग मशीनच्या घरी नेऊन दे हे पीठ."

घ्यायचं तर घे, न्हाई तर राहू दे. हात जोडून पाया पडू काय आता? चूल थंड होती तिची. एकटीसाठी काय रोज रोज पेटवायची म्हणून बहुतेक दुपारचंच खाते.

१८ मार्च, बुधवार

आज दुकान बंद ठेवलं. नरसिंगनं हळद शिजवायचं काम घेतलंय, कुकर भाड्यानं आणला आणि दोन माणसं आलीच न्हाईत. गेले मदतीला. वाफेतून निघालेली हळद पसरायची, वाळलेली आधीची ढोलात घालून घासायची. दुपारपर्यंत कोपरापर्यंत पिवळी झाले. कांड्या गरम गरमच उचलल्या, कारण थांबायला कुणाला वेळ होता? बोटांची सालपटं निघाली. व्हायचंच.

आणि तिथं बघते तर पद्माबाई! ढोलाजवळ बसून हातानं कांड्यांची मुळं मोडून राहिली. या वयात.

मी म्हणले, "अक्का, तुला काय गरज पडली? घरी बसायचं सोडून."

"हळदीला माझा अंगठा चालतो," म्हणाली. "विचारत न्हाई कोण तू म्हणून."

बाकीच्या बाया हसल्या. नरसिंग खाली मान घालून कुकरात लाकडं सारत राहिला.

भाकरी खायला बसलो तर तिनं आपल्यातली निम्मी खाल्ली आणि निम्मी फडक्यात गुंडाळून ठेवली. मी म्हणले, खा की, कुणासाठी ठेवली? "संध्याकाळच्या पद्माबाईसाठी," म्हणाली. तिचं बोलणं असंच असतं, अर्ध वाकडं. नरसिंग घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपला. थकला असंल.

२० मार्च, शुक्रवार

मशीन मला ओळखत न्हाई.

मला! रोज सकाळी मीच उघडते. आज लावला अंगठा, चाक फिरलं, वेळ संपली. पुन्हा लावला. पुन्हा. धुऊन लावला. निरम्यानं घासून लावला. डोक्याला पुसून तेलकट करून लावला. रांगेतली करुणा वहिनी म्हणाली बेसन लावा, बेसन लावलं. कुणी म्हणालं चुना. चुना लावला तर सालपटात असा झोंबला की तोंडातून शिवी गेली, बाहेर रांगेत पोरं-सोरं उभी होती. दुसरी बोटं लावली. ती बी हळदीनं खाल्लेली.

बाहेर सगळं गाव उभं, आत गहू-तांदळाची पोती, मधी मी. आणि हातात ते डबडं.

तेवढ्यात पद्माबाई आली. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. काठी टेकत ओट्यापर्यंत आली, बसली, आणि शेजारची जागा पदरानं झाडली.

"ये, बस. रेंज येईस्तोवर."

कुणीच हसलं न्हाई. मी दार लावून घेतलं.

२१ मार्च, शनिवार

सकाळी आधी ग्रुप बघितला. म्हणले आज लाल तर लाल, निदान कुणी येऊन बघंल तरी. आणि काय दिसावं? आमचं दुकान हिरवं. नुसतं हिरवं न्हाई, सगळ्यात वर! शंभरपैकी शंभर. सायबाचं अभिनंदन. कालपर्यंत रडक्या तोंडाची चित्रं टाकणाऱ्यानं फुलांचा गुच्छ टाकला.

विश्वजीतला फोन लावला.

"अरे बाबा, दुकान बंद हाये आमचं! काल एक दाणा गेला न्हाई."

"बरोबर आहे मावशी. एकही व्यवहार सुरू झाला नाही, म्हणून एकही चुकला नाही. सिस्टिमला चूक दिसत नाही."

"मग माझा अंगठा दहा-बारा वेळा चुकला तो?"

"तो दुकान उघडायचा अंगठा. तो यात धरत नाहीत."

"मग धर की!"

"माझ्या हातात नाही. तुम्ही तक्रार टाका, मशीनमध्ये तक्रारीचं बटण आहे."

"आणि मशीन कशानं उघडायचं?"

मग म्हणाला, "अंगठ्यानं."

२४ मार्च, मंगळवार

तालुक्याला जाऊन आले. एसटीत उभं राहून. हापिसातल्या बाईनं माझा कागद घेतला, कॉम्प्युटरात बघितलं आणि कागद परत दिला.

"तुमचं दुकान हिरवं आहे."

"हिरवं हाये पण बंद हाये."

"हिरव्या दुकानाची तक्रार घेता येत नाही ताई. आधी लाल दुकानांना माणूस पाठवतो. लाल झालात की या."

"लाल व्हायला मशीन उघडावं लागंल."

"मग उघडा की."

मी हात पुढं केला. बोटं दाखवली तिला. तिनं बघितली, खरंच बघितली, आणि म्हणाली, "अगंबाई, काय लावता काय तुम्ही हाताला?" मग आतल्या सायबाकडं पाठवलं. सायबानं मला ओळखलं! खुर्ची दिली. समोर बसलेल्या दोन दुकानदारांना म्हणाले, "या मिराबाई. चौथी शिकलेली बाई, आणि तालुक्यात पहिलं दुकान. शिका काहीतरी यांच्याकडून." त्या दोघांनी माझ्याकडं असं बघितलं की जशी मी त्यांच्या घरात चोरी केलीय.

मी म्हणले, "सायब, दुकान..." त्यांचा फोन वाजला. फोनवर बोलत बोलत ते मला हात जोडून निरोप देऊन राहिले. दारातला शिपाई म्हणाला, चला ताई.

आमी कुठूनच बाहेर पडू शकत न्हाई. लाल होते तवा दुकान काढून घेणार म्हणाले. हिरवी झाले तर कुणी ऐकून घेत न्हाई. उघडायला अंगठा पाहिजे, अंगठा न्हाई म्हणून सांगायला उघडायला पाहिजे. घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यावर झापड असते, त्याला दिसत तरी न्हाई. मला सगळं दिसून राहिलं.

येताना डोंगरकड्याच्या बाजारातून खोबरेल तेल आणलं. मेडिकलवाला म्हणाला, आठ-पंधरा दिवसांत नवी कातडी येईल. पंधरा दिवसांत! एकतीस तारीख आठवड्यावर आली.

२६ मार्च, गुरुवार

रात्रंदिवस बोटांना तेल. भांडी नरसिंग घासून राहिला. म्हणतो, "बायको तालुक्यात पहिली आल्यावर एवढं करावंच लागतं." मी चमचा फेकून मारला, लागला न्हाई.

मग त्यानं विचारलं, "ओट्यावर बसवायचीस ती माणसं, त्यांचं काय झालं?"

"काय व्हायचं? येत न्हाईत."

"कुठं जातात मग?"

मी म्हणले, मला काय ठाऊक. तो म्हणाला, "विटभट्टीवालं जोडपं गाव सोडून गेलं. बाकीच्यांचं तू विचार." आणि भांडी घासत बसला.

विचारायला कशाला पाहिजे, सगळे हितलेच हायेत. तरी गेले. पाच घरं फिरले. कुणी वाईट बोललं न्हाई. पाणी दिलं, चहा विचारला. ओट्यावरच्या शितलच्या आजीनं तर मलाच विचारलं, "मिराबाई, आमची पाळी आली काय?" दोन आठवडे ती बाई घरात बसून पाळीची वाट बघून राहिली होती. मी उद्या या म्हणले होते ना.

शेवटी पद्माबाईकडं. दार नुसतं लोटलेलं. पडून होती. हळदीचं काम संपलं. उशाशी ते फडकं, घडी घालून ठेवलेलं, रिकामं.

मी म्हणले, "अक्का, एकतीसला कार्ड बंद पडंल."

"पडू दे."

"पडू दे काय? मग पुन्हा चालू करायला जन्म जाईल."

"माझ्याकडं कुठं तेवढा हाये?" म्हणाली आणि हसली. मग माझा हात ओढून घेतला, बोटं उलटी-सुलटी करून बघितली. "तुझी येतील भरून. तू जवान हायेस."

छप्पन्न वर्षांची मी.

पिठाची ताटली न्यायची होती. नेली न्हाई. तिनं परत केली असती.

२८ मार्च, शनिवार

मंगळवारी एकतीस, आणि त्या दिवशी महावीर जयंतीची सुट्टी, हापिस बंद. म्हणजे सोमवारच काय तो राहिला. आज पुन्हा अंगठा लावून बघितला. चाक फिरलं. वेळ संपली. ग्रुपवर आमी अजून पहिलेच.

गटाच्या बायांना बोलावलं. गंगूताई म्हणाली, मशीनबिगर माल दिला तर पोलिसात जाशील. रेवती म्हणाली, न्हाई दिला तर गावात तोंड दाखवता यायचं न्हाई. दोघी बी खरं बोलल्या. मी म्हणले, कागद मी लिहिते, तुमी सह्या करा. नऊ जणींनी केल्या. गंगूताईनं सगळ्यात शेवटी केली, पण केली.

सपना म्हणाली, आई मी नीट भाषेत लिहून पाठवते. नको म्हणले. नीट भाषेतले कागद त्या हापिसातल्या टेबलावर ढीगभर होते. सोमवारी पहिल्या एसटीनं जाऊन हातात देणार, आणि उत्तर घेतल्याबिगर उठणार न्हाई. उद्या स्वच्छ उतरवून काढायचा, आज हितं लिहून बघते.

सायब, नमस्कार.

मी मिराबाई. तुमी ज्या दुकानाला पहिला नंबर दिला ते दुकान वीस तारखेपासून बंद हाये. कुलूप माझं न्हाई, तुमच्या मशीनचं हाये. माल आत पडून हाये, माणसं बाहेर बसून हायेत, आणि तुमच्या फोनात आमी हिरवे.

तुमच्या माणसानं सांगितलं, जो अंगठा लागायचा न्हाई तो लावूच नका. मी ऐकलं. त्या दिवसापासून आमी हिरवे झालो. म्हणून विचारते. लागला तो अंगठा तुमी मोजता. चुकला तो मोजता. पण ओट्यावर बसून उठून गेलेली पद्माबाई तुमी कुठं मोजली? लालमधी ती न्हाई. हिरव्यामधी ती न्हाई. शंभरपैकी शंभर म्हणता, त्या शंभरात ती हाये का न्हाई, तेवढं दाखवा. तुमचा कॉम्प्युटर लगेच उत्तर देतो म्हणतात, मग लगेच द्या.

तिचा हा तिसरा महिना. कार्ड बंद पडलं तर तिच्या हालाला मी आणि तुमी दोघं जबाबदार, मी एकटी न्हाई.

माणूस पाठवा, मशीन उघडून द्या, न्हाई तर कागदावर अंगठे घेऊन माल द्यायला तुमच्या सहीनं लेखी सांगा. दोन्ही जमत न्हाई म्हणत असाल तर ते बी लेखीच सांगा. मंगळवारी, एकतीसला सकाळी मी दार उघडणार हाये, आणि पहिली पाळी ओट्यावरच्यांची. त्याच्यानंतर आमचं दुकान कोणत्या रंगाचं करायचं ते करा.

सोमवारी, तीस तारखेला, हापिस बंद व्हायच्या आत उत्तर पाहिजे. वेळेत. उशिरा आलेलं उत्तर आमी पण मोजणार न्हाई.